वेबसाइटचं आवतण

लग्नाचं, मुंजीचं, वास्तुशांतीचं आवतण अक्षता देऊन करतात, हे तुम्हाला माहीत असेल. आमचा मधूदादा वेबसाइटचं आवतण अक्षता देऊन करायचा.

खोटं नाही सांगत. कुंकू लावलेले तांदूळ स्टीलच्या डब्यात, डबा खांद्याच्या पिशवीत आणि त्याच पिशवीत सायबर कॅफेतून छापून आणलेल्या चिठ्ठ्या. महाडच्या एसटी स्टँडवर ओळखीचा माणूस दिसला रे दिसला की दादा भर गर्दीत चपला काढायचा, त्याच्या तळहातावर चार दाणे आणि एक चिठ्ठी ठेवायचा आणि हात जोडून म्हणायचा, "दासगावच्या पापडवाल्या काकींची साइट चालू झाली हाय. सहकुटुंब सहपरिवार बघावी."

हातात अक्षता आल्या की माणूस सवयीने त्या कपाळाला लावतोच. तसा तो लावायचा, मग चिठ्ठी वाचायचा, त्यावर लग्नाची तारीख शोधायचा, ती सापडली नाही की दादाकडे बघायचा आणि शेवटी माझ्याकडे. मी दादाची सख्खी धाकटी बहीण. त्याच गावात दिलेली, त्याच गावात शाळेत शिकवणारी, आणि नशीब फुटकं म्हणून नेमकी त्याच वेळी त्याच्या शेजारी उभी. मी लगेच एसटीचं वेळापत्रक वाचायला घ्यायचे. त्या काळात बोरिवलीपासून भोरपर्यंत सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ होत्या.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. महाडात इंटरनेट म्हणजे दोन सायबर कॅफे आणि काही डॉक्टरांची घरं. अशा गावात वेबसाइट बनवून द्यायचा धंदा काढणं म्हणजे टकल्यांच्या गावात कंगव्याचं दुकान. पण दादाला हे सांगणार कोण? त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सांगितल्याबिगर कळत नाय." कुठल्याही गोष्टीवर हेच. भाजीवालीने कोथिंबीर पाटीच्या तळाशी ठेवली, तरी हा तिला तिथल्या तिथे धडा द्यायचा, "मावशे, कोथिंबीर वर ठेव. सांगितल्याबिगर कळत नाय कुणाला."

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्याला कारण होतं.

दादा मुळात एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात फिटर. दिवाळीच्या तोंडावर तो कारखाना बंद पडला. पठ्ठ्याने हे घरात सांगितलंच नाही! रंजनावहिनी रोज सकाळी डबा भरून द्यायची, हा सायकलवर टांग मारून जायचा, आणि सायबर कॅफेत बसायचा. कॅफेवाल्याचे पंखे, खुर्च्या, दिव्यांची बटणं दुरुस्त करून द्यायची आणि बदल्यात कोपऱ्यातल्या संगणकावर शिकायचं, असं चाललं होतं. संध्याकाळी वेळेवर घरी. वर हातपाय धुताना "आज काय वास होता म्हाराजा, डोक्यात गेला" हेही सांगायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात दुसऱ्या एका फिटरची बायको वहिनीला म्हणाली, "तुमचं बरं झालं हो. तुमच्या ह्यांनी लगेच संगणकाचं धरलं. आमचे अजून घरातच बसलेत." भरल्या बायकांत वहिनीच्या हातात तिळगूळ तसाच राहिला. घरी येऊन ती दादाला एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोलादपूरला माहेरी गेली. मी स्टँडवर पळत गेले, तेव्हा एवढंच म्हणाली, "नोकरी गेली म्हणून मी जात नाय, वन्सं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आन् मला नव्हतं. त्याची लाज वाटते."

ती गेली ती आलीच नाही. दादाला मी सांगून थकले, की जा आणि घेऊन ये. तो मान खाली घालून म्हणायचा, "कुठल्या तोंडानं जाऊ गो?" आणि तासाभराने हाच माणूस बाजारपेठेत चपला काढून उभा. बायकोजवळ तोंड उघडायचं तेव्हा दातखीळ बसली आणि आता गावभर दवंडी! "सांगितल्याबिगर कळत नाय म्हणे," मी एकदा त्याच्या तोंडावर म्हटलं, "हे तुला आत्ता कळलं होय?" तो खाली बघून चिठ्ठ्या मोजायला लागला. नंतर मलाच वाईट वाटलं.

धंद्याचे सल्ले मात्र तो न मागता वाटायचा. आणि खरं सांगते, सल्ले वेडेवाकडे नसायचे. "पहिलं पान म्हंजे घराची ओटी. ओटीवर आपण काय ठेवतो? बाकडं आणि पाण्याचा तांब्या. गोधड्या आत." दासगावच्या काकींना पहिल्या पानावर सासूबाईंचा फोटो, गणपतीचा फोटो, सगळ्या नातवंडांची नावं आणि वर लुकलुकणारे तारे हवे होते. दादाने पापड ठेवला, फक्त पापड. "आपली फोनलाइन केवढी, फोटो केवढा! जड फोटो उतरेस्तवर गिऱ्हाईक चहा पिऊन घरी जातं." कुणी नवशिक्या पोरगा विचारायला आला की त्याला तो बजावायचा, "मजकूर आधी हातात घे, मग कामाला बस. नायतर गिऱ्हाईक जन्मभर उद्या देतो म्हणतं आणि उशीर मात्र तुझ्या माथी." आणि सगळ्यात शेवटी, "प्रत्येक पानाच्या तळाला आपलं नाव टाकायचं. बारीक टाक, पण टाक. लाजायचं नाय." हे शेवटचं सांगताना तो उगाच माझ्याकडे बघायचा.

लाजायचं नाय! आमच्या शाळेतही तो येऊन गेला. मुख्याध्यापकबाईंच्या टेबलावर अक्षता ठेवल्या, चिठ्ठी ठेवली, "शाळेनं आपलं पान करावं" म्हणाला आणि गेला. मधल्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय हो, याला आहेर काय करायचा असतो?" सगळी खोली हसली. मी निबंधाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं. त्या दिवशी मुलांना मी सढळ हाताने गुण दिले, कारण काय वाचतेय तेच दिसत नव्हतं.

महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडांजवळ एकाची राहण्याची सोय होती, चार खोल्यांची. त्याचं पान करताना दादा म्हणाला, "आलेल्या माणसांचे अभिप्राय टाकायचे. आपण आपल्याला चांगलं म्हणून उपयोग नाय, दुसऱ्यानं म्हणायला पाहिजे." गेला आणि उतरलेल्या एका म्हाताऱ्याला विचारून आला. म्हाताऱ्याने सांगितलं ते याने शब्दन् शब्द टाकलं: "पाणी गरम हाय. गादी पातळ हाय. मालक लय बोलतो, झोपू देत नाय." मालक तणतणत महाडला आला आणि वाटेत मीच त्याच्या तावडीत सापडले. भर रस्त्यात मी त्याची माफी मागितली. दादा काही त्यातला एक शब्द बदलायला तयार नव्हता. "दुसऱ्याचं बोलणं हाय ते. आपण कोण बदलणार? त्यापेक्षा गादी बदल." तो माणूस पुटपुटत गेला, आणि पुढच्या महिन्यात गादी बदलल्याचं टाकायला सांगून गेला.

चैत्रात दादाने जाहीर केलं, की आता त्याची स्वतःची साइट. खोऱ्यातले सगळे व्यवसाय एका ठिकाणी, तळाला त्याचं नाव. मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा. "आणि आवतण वाड्यावाड्यांतनं करायचं," तो म्हणाला. "पण पुरुषमाणसानं एकट्यानं फिरणं बरं दिसत नाय. तू चल." शाळेला सुट्टी लागत होती, त्यामुळे मला सबबही उरली नव्हती.

मग आमची वरात निघाली. उन्हाने डोकं भणभणलेलं, पुढे दादा, मागे डोक्यावर पदर घेऊन मी. खरं तर मी तो तोंडावरच घेतला होता. प्रत्येक वाडीत तेच संभाषण.

"कुठं यायचं?" एखादा म्हातारा विचारायचा.

"कुठं यायचं नाय, बाबा. घरबसल्या बघायचं."

"कशात?"

"संगणकात."

"तो नाय बा आमच्याकडं."

"मग आमच्या घरी या. कॅफेतला आणून मी ओटीवर मांडून ठेवतो. सगळ्यांनी या."

म्हातारा अक्षता कपाळाला लावायचा. मी मनातल्या मनात म्हणायचे, येणार कोण आहे मरायला!

एके दिवशी दादा तांदळाला कुंकू चोळता चोळता सहज म्हणाला, "उद्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याला जाऊ."

वहिनीचं माहेर तिथलंच, पोलादपूरजवळच्या एका वाडीतलं. मी म्हटलं, "वहिनीच्या वाडीत पण?"

"वाडीत अक्षता द्यायच्या म्हटल्यावर एक घर सोडून चालत नाय. रीत हाय." तो वर बघायला तयार नव्हता. तांदूळ कधीच लाल झाले होते, तरी चोळतच होता.

रीत आहे खरी आमच्याकडे. भांडण असो, अबोला असो, अक्षता घेऊन आलेल्याला दारातून परत लावत नाहीत. त्याला ओटीवर बसवतात, पाणी देतात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बायकोच्या दारात जायला या माणसाला तोंड नव्हतं, म्हणून त्याने अख्ख्या तालुक्याला आवतण काढलं होतं.

त्या वाडीत आम्ही वरच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे तिचं घर शेवटी यावं. घरागणिक दादाचा आवाज खाली चालला होता. शेवटून दुसऱ्या घरात तर काय बोलला ते मलाही ऐकू आलं नाही.

वहिनीचे वडील ओटीवर बसले होते. "या," एवढंच म्हणाले. पाणी घेऊन वहिनी बाहेर आली. दादा उठून उभा राहिला. डबा उघडला, चिमटीत अक्षता घेतल्या.

"येत्या अक्षय्यतृतीयेला..." तो म्हणाला, "आमच्या... सह..." आणि अडकला. एसटी स्टँडवर ज्याला थांबवता थांबवता माझा जीव जायचा, त्याला पुढचा शब्द सुचेना. इतके दिवस मला त्याच्या बोलण्याची लाज वाटत होती. आता त्याचं गप्प उभं राहणं बघवेना.

म्हणून मीच बोलायला लागले. दादाचं काम कसं चांगलं आहे, सवचा माणूस परत कसा आला, पहिलं पान म्हणजे ओटी कशी असते, काय वाटेल ते. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

दादाने डबा खाली ठेवला.

"रंजना," तो म्हणाला, "कारखाना बंद पडला गो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सहा महिन्यांची शिळी बातमी! ज्या बातमीपायी ती घर सोडून आली, तीच हा तिला सांगत होता. पण वहिनी पायरीवर बसली. जणू पहिल्यांदाच ऐकते आहे अशी म्हणाली, "कधी?"

"दिवाळीच्या आधी. फाटकाला कुलूप घातलं. मी घरी यायला निघालो होतो तुला सांगायला. तू दारात रांगोळी काढत होतीस. माझी जीभच उचलंना."

मग त्याने सगळं सांगितलं. सकाळी भरलेला डबा कॅफेच्या मागच्या पायरीवर बसून कसा खायचा तेही सांगितलं. वहिनीचे वडील खाकरले आणि गोठ्याकडे निघून गेले. मी डोळे पुसत होते, उघड उघड, पदराने.

त्याचं संपल्यावर वहिनीने तळहात पुढे केला. त्याने अक्षता ठेवल्या. तिने त्या कपाळाला लावल्या आणि विचारलं, "किती वाड्यांत दिल्यात?"

"ह्या अंगाच्या सगळ्या. आणि महाडात."

"घरी बोलावलंय?"

"ज्यांच्याकडं संगणक नाय त्यांना."

"म्हंजे सगळ्यांनाच. आन् जेवायला काय घालनार त्यांना?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मी रांधण्यात आयुष्य गेलेली बाई, आणि हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, कारण कुणी येईल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. तिला मात्र ते गृहीतच होतं. त्याने बोलावलंय म्हणजे लोक येणार.

"मोठं पातेलं माळ्यावर हाय, ते ह्यांना सापडायचं नाय," ती उठत म्हणाली. "अक्षता देऊन बोलावलेली मानसं माझ्या दारातनं उपाशी गेली तर लाज कुनाची जाईल?"

आणि ती पिशवी भरायला आत गेली.