साडूभाऊंचे एकोणीसशे अकरा वाचक

मत्सर माझ्या स्वभावातच नाही. तीस वर्षं मी विनोदी सदर लिहिलं. त्या तीस वर्षांत माझ्यापेक्षा बरं लिहिणारा माणूस मला आढळलाच नाही. मग मत्सर करायचा कुणाचा? त्यामुळे साडूभाऊंनी स्वतःची वेबसाइट काढली तेव्हा मी मोकळ्या मनाने हसलो. जरा जास्तच वेळ हसलो, असं बायकोचं म्हणणं.

साडूभाऊ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. छंद जुनी कुलपं जमवण्याचा. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर साइट दाखवली, तर तीत नुसती कुलपं! ‘कुलूप क्रमांक सत्तावीस. चावी हरवली आहे.’ एवढंच वाङ्मय. पण पानाच्या तळाशी एक आकडा होता. आजवरच्या भेटी : अकरा.

“अकरा!” घरी येताच मी ओरडलो. “माझं सदर बंद झालं तेव्हा एकाही माणसाने विचारपूस केली नाही, आणि चावी नसलेल्या कुलपाला अकरा माणसं?”

“भावोजींनी या वयात शिकून केलंय हो,” बायको म्हणाली. “तुम्हाला नाही जमायचं.”

झालं! मी त्याच दुपारी साइट बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ‘ओढा, सोडा, झालं!’ असं त्याच्या कपाळावरच लिहिलं होतं. मी ओढलं. माझा फोटो असा ताणला गेला की एक कान ‘माझ्याविषयी’त आणि दुसरा ‘संपर्का’त! सोडलं, तर शीर्षक थेट पाताळात! पण चौथ्या दिवशी साइट उभी राहिली. वर दिसणारा पत्ता मी जसाच्या तसा चाळीस नातेवाइकांना पाठवला.

कौतुकाचा पाऊस! “अप्रतिम!” “डोळ्यांचं पारणं फिटलं!” मामेभावाने तर “रंगसंगती विशेष आवडली” असं कळवलं. फक्त साडूभाऊंचा फोन आला, “अहो, उघडत नाही.”

“जळतात!” मी बायकोला म्हणालो. “दुसरं काय?”

संध्याकाळी लेकीचा फोन. “बाबा, हा कसला पत्ता दिलाय? हे तुमच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर आहे! अख्ख्या जगात ते फक्त तुमच्या टेबलावर उघडतं.”

“मग मामेभावाला रंगसंगती कशी आवडली?”

“ते त्यालाच विचारा. बाबा, होस्टिंग घ्यावं लागतं. दिवसरात्र चालू असणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर साइट ठेवायची, मग ती सगळ्यांना दिसते.”

म्हणजे मी दुकान थाटून शटर आतून ओढून बसलो होतो!

होस्टिंग घेतलं. नवा पत्ता पुन्हा चाळीस जणांना धाडला. आठवड्याने आकडा पाहिला : तीन. मी स्वतः पन्नास वेळा उघडली, तरी तीनच! “मालकाची भेट मोजत नाहीत, बाबा,” लेक म्हणाली. काय सोय आहे बघा!

आणि तिकडे साडूभाऊंचा आकडा उधळलेला! चहाआधी बघावं तर शंभर, चहानंतर एकशे एक. अंघोळीला जाताना एकशे दोन, डोकं पुसत आलो तर एकशे तीन! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेबल सोडेना. दर पाच मिनिटांनी बघत होतो आणि दर वेळी मेला आकडा वर! मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो म्हणून बरं, नाहीतर तो कुठल्या कुठे गेला असता.

महिन्याअखेरीस साडूभाऊ स्वतःच घरी आले. हातात कागद, डोळ्यांत पाणी.

“ताई,” ते माझ्या बायकोला म्हणाले, “होस्टिंगवाल्यांचा अहवाल आलाय. एकूण भेटी एकोणीसशे अकरा. त्यातल्या एकोणीसशे भेटी एकाच माणसाच्या, एकाच कॉम्प्युटरवरून! आणि तो तुमच्या याच भागात राहतो. जन्मभर लोकांची वजनं तपासली, कुणी वळून पाहिलं नाही. आणि हा माणूस दिवसाला साठ-साठ वेळा माझी कुलपं बघतोय हो! त्याला भेटायचंय मला. कोण असेल?”

मी वर्तमानपत्र वर धरलं.

“मी ओळखते त्यांना,” बायको शांतपणे म्हणाली. “वर्तमानपत्र उलटं धरून बसलेत ते.”

साडूभाऊंनी मला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. “आणि मी समजत होतो, तुम्ही माझ्यावर जळता!” असं म्हणत त्यांनी खिशातून कुलूप क्रमांक सत्तावीस काढून माझ्या हातावर ठेवलं. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

ते गेल्यावर मी शांतपणे हिशेब केला. एकोणीसशे अकरातून एकोणीसशे गेले, उरले अकरा. अकरा खरेखुरे वाचक! माझे तीन, त्यातली एक लेक, साइट चालते का बघायला आलेली. दुसरी बायको, चुकून. आणि तिसरे साडूभाऊच.

आता मी त्यांची साइट उघडत नाही. दिवसातून एकदाच उघडतो, तेवढी सोडा. त्या अकराचे बारा झाले का, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?