भोयरभाऊंचा शर्यतीचा ट्रॅक

भोयरभाऊ सायकलवरून वळताना आधी रस्त्याच्या पार बाहेरच्या कडेला जात, मग वळणाचा आतला कोपरा घासत आणि पुन्हा बाहेर निघत. वेग बैलगाडीचा. रामदासपेठेतला एक टांगेवाला त्यांना पाहिलं की टांगा उभा करी आणि त्यांचं वळण पूर्ण होऊ देई. "बाहेरून घे, आत घास, बाहेर सोड," असं ते मला शिकवत, कारण शर्यतीतली मोटार अशीच वळते. मोटारीत ते स्वतः आयुष्यात दोनदा बसले होते, दोन्ही वेळा मागच्या सीटवर.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. रस्त्यांच्या सरकारी कचेरीत ते नकाशे काढत आणि मी फायली सांभाळत असे. दुपारचा डबा संपला की ते ट्रेसिंग पेपरची गुंडाळी उलगडत. कुहीच्या वाटेवरच्या एका पडीक माळावर त्यांनी कागदोपत्री मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आखला होता. एक लांब सरळ पट्टा, मग केसांच्या आकड्यासारखं थेट माघारी फिरणारं वळण, मग डावं-उजवं करत जाणारा नागमोडी तुकडा. सरळ पट्ट्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "सीध्या सडकेवर तं कोणीबी पळवते गा. मोडावर समजते माणूस."

पण माणूस रस्ते खात्यातला. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाची झाडं होती, बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. मैलाचे दगड होते, पाणी जायला मोऱ्या होत्या. प्रत्येक वळणाआधी 'सावकाश' अशी पाटी होती. शर्यतीत सावकाश कोण जाईल, असं मी विचारलं, तर म्हणाले की पाटी लावणं आपलं काम, वाचणं त्यांचं. हा ट्रॅक एकदा खरोखर बांधला जावा, एवढीच त्यांच्या जिवाची ओढ होती.

आणि एका उन्हाळ्यात तशी वेळ आलीही. शर्यतींचा नाद असलेली बाहेरगावची चार श्रीमंत मंडळी जागा शोधत कचेरीत आली. साहेबांनी गंमत म्हणून भोयरभाऊंचा नकाशा पुढे केला. मंडळी गंमत विसरून नकाशावर ओणवी झाली. आकड्याचं वळण त्यांना फारच आवडलं. झाडं मात्र काढा म्हणाली, गाडी घसरली की बाजूला मोकळं मैदान लागतं. भोयरभाऊंनी झाडं सोडली. पाट्याही सोडल्या. मग मंडळी म्हणाली, ट्रॅक फार आखूड आहे, सगळाच प्रेक्षकांच्या मांडवातून दिसतो. तो टेकडीमागून फिरवून आणू.

"टेकडीमागं नाही जात," भोयरभाऊ म्हणाले.

मंडळींनी समजावलं. साहेबांनी डोळे वटारले. भोयरभाऊंनी नकाशाची गुंडाळी केली, "मंग राहू द्या" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. मंडळी दुपारच्या गाडीनं परत गेली.

मला इतका राग आला की संध्याकाळी भांडायला त्यांच्या घरी गेलो. ओसरीत खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. त्या आजारी असतात एवढंच मला माहीत होतं. पाय पार गेलेत, हे त्या दिवशी कळलं. मांडीवर मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं होती. भोयरभाऊ ती रद्दीवाल्याकडून त्यांच्या करमणुकीसाठी आणत. शर्यतींचा नाद आधी वहिनींना लागला होता, भाऊंना मागाहून.

"काय म्हणे ते लोकं?" वहिनींनी मला विचारलं. मंडळी आली होती, एवढंच त्यांना कळलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत भोयरभाऊ चहा घेऊन आले. "पास झाला," ते म्हणाले. "झाडं तेवढी काढा म्हणते." वहिनींना झाडांचं वाईट वाटलं.

निघताना फाटकापाशी मी दबक्या आवाजात त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रेस टेकडीमागं गेली, तं बाकीचे उठून तिकडं पळतीन गा," ओसरीकडे बघत ते म्हणाले. "ती कशी जाईन?"

तेवढ्यात ओसरीतून वहिनींनी हाक मारून विचारलं, काम कधी सुरू होणार. भोयरभाऊ स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले. सरकारी नोकरीत मी खोटं पुष्कळ लिहिलं होतं, पण कुणाच्या तोंडावर बोललो नव्हतो.

"पावसाळा सरला का लगेच, वहिनी," मी म्हणालो. "फाइल माह्याच टेबलावर आहे."