भोयर सर आणि इंजेक्शनची गाडी

नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. आमचे भोयर सर विचारतात, "गाडी कोनती? कार्बोरेटर की इंजेक्शन?" माझा मेहुणा पहिल्यांदा एटापल्लीला आला, तेव्हा बसमधून उतरल्या उतरल्या सरांनी त्याला हेच विचारलं. तो औषधांच्या दुकानात कामाला. इंजेक्शन म्हटल्यावर त्याला वाटलं, सरांना ताप आहे. तो त्यांच्या कपाळाला हात लावायला गेला. तो घोळ निस्तरता निस्तरता माझा चहा थंड झाला.

आम्ही दोघं जंगलातल्या एका गावच्या शाळेवर शिक्षक. राहतो एटापल्लीतच, पण दोन टोकांना. माझी स्कूटर बायको अंगणवाडीत नेते, म्हणून मी सरांच्या मागे बसून शाळेत जातो. जातो म्हणजे, रोज सकाळी नाक्यावरच्या टपरीशी उभा राहून त्यांची वाट पाहतो. सर वेळेवर आले असं कधी झालं नाही. कारण ठरलेलं: कार्बोरेटरची जुनी गाडी, चोक ओढा, किक मारा, मग गरम होईपर्यंत थांबा. "थंड्या इंजिनवर जबरदस्ती नाई करायची," असं ते मलाच समजावत. त्या थंडीत माझं इंजिन किती गार पडलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी म्हणायचो, इंजेक्शनची घ्या. पेट्रोल किती सोडायचं ते गाडीच ठरवते, बटन दाबलं की निघायचं. पण सरांचा त्या जातीवर विश्वास नव्हता. माणसांच्याही त्यांनी ह्याच दोन जाती पाडल्या होत्या. उशिरा समजणारं पण समजलेलं न विसरणारं पोरगं कार्बोरेटर. मुख्याध्यापक इंजेक्शन. "सुरू लवकर होते, पन बिघडले तं गावात कोनाले दुरुस्त नाई करता येत." मी कोण, ते मी विचारलं नाही.

गाडी रस्त्यात बंद पडली की सरांच्या अंगात उत्साह संचारायचा. खाली बसून कार्बोरेटर उघडायचे, माझ्या ओंजळीत स्क्रू ठेवायचे, आणि खराट्याची काडी घालून बारीक भोक साफ करायचे. "आता इंजेक्शन असती तं इथी कोनाले बोलावलं असतं, सांगा." इंजेक्शन असती तर इथे थांबलोच नसतो, असं मी म्हणायचो. मग ते म्हणायचे, "लिहून देता का?" ओंजळीत स्क्रू असताना माणूस काय लिहून देणार?

एकदा मी त्यांना चंद्रपूरला शोरूममध्ये नेलं. विक्रेत्यानं सांगितलं की नव्या गाड्या आता सगळ्याच इंजेक्शनच्या येतात. सरांनी त्याला खेड्यात बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलबद्दल विचारलं, बॅटरी उतरली तर काय ते विचारलं, उंदरानं वायर कुरतडली तर काय तेही विचारलं. शेवटी तो पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि परत आलाच नाही. परतीच्या बसमध्ये सर खुश होते. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

मग एका सकाळी जुनी गाडी शाळेच्या वाटेवर जी बंद पडली, ती काडीनंही चालू झाली नाही. मेकॅनिकनं सांगितलं की आता हिच्यात पैसा घालू नका. सर दोन्ही हात मागे बांधून गाडीकडे बघत राहिले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नवी गाडी घेतली. इंजेक्शनची. मला पेढा दिला, पण वाद जिंकल्याचा एक शब्दही बोलू दिला नाही.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी सर उशिराच आले. तिसऱ्या दिवशीही. विचारलं की म्हणायचे, "गाडी गरम करत होतो." आता मात्र माझं डोकं फिरलं. बटनाची गाडी, तिला कसलं गरम करता? एका सकाळी मी नाक्यावर न थांबता रागानं थेट त्यांच्या घरी गेलो.

अंगणात नवी गाडी सुरू होती. सर बाजूला उभे राहून फडक्यानं टाकी पुसत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात घराच्या आतून काठीचा आवाज आला. वहिनींना मागे लकवा झाला होता, हे मला माहीत होतं. डावा पाय ओढत, भिंत धरत, त्या स्वयंपाकघरातून दाराकडे येत होत्या. मनगटाला डब्याची पिशवी.

"झाली का जी गरम?" त्यांनी आतूनच विचारलं.

"नाई अजून. सावकाश ये," सर म्हणाले.

थोडं अंतर चालून त्या थांबल्या. "नवी हाय ना? तरी?"

"नवीले तं जास्तच वेळ लागते."

तेवढ्यात वहिनींना मी दिसलो. "खरं का हो सर?"

भोयर सरांचा फडक्याचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सबंध वर्षभर मी ह्या माणसाला इंजेक्शनचं तंत्र शिकवलं होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "थंडीत तर फार वेळ लागतो."

"मंग ठीक हाय," म्हणत त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. मी अंगणातल्या दगडावर बसलो. त्या दारापर्यंत आल्या, चौकटीला टेकल्या, सरांच्या हातात पिशवी दिली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग आम्ही निघालो.