बाबांचा खोकला

"सापडलं!" चिरंजीवांनी चहाचा कप टेबलावर आपटला. "माझ्या दिवसभराच्या झोपेचं कारण सापडलं! शंभर टक्के!"

समोर बाबा पावाला लोणी लावत बसले होते. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि मुलाकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

चिरंजीव म्हणजे सव्विशीतला धडधाकट गडी. मान जाडजूड, भूक दांडगी, स्वभाव बरा. खोट एकच. सकाळी डोळे उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत झोप! दात घासताना पेंग, बसमध्ये पेंग, दाढी करताना तर एकदा अर्धी मिशीच गेली. गेलं वर्षभर कारणाचा शोध चालू होता आणि सल्लागारांना तोटा नव्हता. रक्त तपासून झालं, ते उत्तम निघालं. थायरॉइड तपासून झालं, तेही शहाण्यासारखं वागत होतं. सासरी गेलेल्या ताईनं फोनवरून निदान केलं, "तो मोबाइल फेक आधी!" म्हणून मोबाइल संध्याकाळपासून कपाटात कोंडून झाला. चिरंजीव कामाला होते त्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "प्रेमात पडला असशील." त्या आशेनं चिरंजीवांनी आठवडाभर इकडे तिकडे पाहिलं, पण तसंही काही आढळेना. मालकांचं निदान सगळ्यात स्वस्त होतं. "आळस!"

"काय सापडलं मग?" बाबांनी विचारलं.

"तुमचा खोकला!"

"माझा?"

"रात्रभर खोकता तुम्ही! जरा डोळा लागला की खॉक! पुन्हा लागला की खॉक! झोप पुरी होणार कशी माणसाची?"

"दिवसा नाही खोकत मी," बाबा हळूच म्हणाले.

"तेच तर! दिवसा हवं तेवढं खोका, मी कुठे नाही म्हणतो? पण नाही, नेमकं रात्रीच!"

बाबांनी सुरी पुन्हा उचलली. आई गेल्यावर त्यांनी आपली खाट मुलाच्या खोलीत आणली होती. एकट्याला करमत नाही म्हणाले होते. आता त्या खाटेची उचलबांगडी करून बाहेरच्या खोलीत टाकावी, तर मधली भिंत पापडासारखी. खोकला आरपार येणार! तेव्हा चिरंजीवांनी तोडगाही तयार ठेवला होता. बाबांनी महिनाभर ताईकडे राहायचं. नातवंडांत वेळ जाईल, हवापालट होईल, आणि इकडे आपण गाढ झोपू.

रविवारी बाबा पिशवी भरून दारात उभे राहिले.

"कुशीवर झोपत जा," ते म्हणाले.

"हो हो."

"उताणा नको."

"बाबा, बस सुटेल तुमची!"

बस सुटायला भरपूर अवकाश होता. बाबा थांब्यावर एकटेच जाऊन बसले. त्यांना सोडायला जायचं चिरंजीवांच्या मनात होतं, पण झोप आली होती. पुढे कितीतरी दिवस त्यांना ती पिशवी आठवत राहिली.

आता खोली शांत झाली. चिरंजीव पहिल्या रात्री विजयी वीरासारखे आडवे झाले आणि सकाळी उठले ते भिजल्या पोत्यासारखे! डोकं जड, घसा कोरडा, पायात गोळे. आठवडा झाला तरी तेच, उलट जास्तच. खोकला गेला आणि झोप वाढली! चिरंजीवांनी यावरही कारण शोधलं. वर्षभराची झोप साठली आहे, ती वसूल होते आहे. एवढं सोपं होतं!

चिरंजीव गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. पेंगणाऱ्या माणसाला गाद्यांच्या दुकानात नोकरी म्हणजे मांजराला दुधाच्या भांड्यापाशी राखणीला बसवण्यासारखं. एका सकाळी मालकांनी निर्वाणीचं बजावलं, "पुन्हा डुलताना दिसलास, की उद्यापासून यायचं नाही!" आणि त्याच दुपारी एक जोडपं आलं.

"पाठीला आधार मिळतो का हो या गादीवर?" बाईंनी विचारलं.

"झोपूनच दाखवतो ना!" चिरंजीव आडवे झाले. "हे बघा, कंबरेखाली हात जात नाही, आणि मानेला..."

मानेला काय, ते बाईंना कधीच कळलं नाही.

मालक लालबुंद होऊन धावत आले. "ऊठ! ऊठ आधी! चालता हो!"

"शूऽऽ!" बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. "काय छान झोपलाय बिचारा! अहो, हीच घेऊ या. दोन घेऊ या!"

मालकांचा राग असा उतरला की जणू कुणी झाकण काढून वाफ सोडली. दुसऱ्याच दिवशी दर्शनी काचेमागे पलंग मांडला, त्यावर गादी, गादीवर चिरंजीव, आणि वर भली मोठी पाटी: 'या गादीवर कुणालाही झोप लागते!' आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! कामाच्या वेळेत झोपायचं आणि तेही पगार घेऊन!

जेवणाच्या सुट्टीत चिरंजीवांनी बाबांना फोन लावला. "बाबा, बढती मिळाली! झोपायची!"

"झोपायची? आणि झोपतोस कसा? कुशीवर ना?"

"छे! उताणा. चेहरा दिसायला नको का लोकांना?"

"मी येऊ का परत?" बाबांनी लगेच विचारलं.

"काही गरज नाही हो! मजेत राहा तिकडे."

बढती आठवडाभर टिकली. काचेसमोर लोक थांबायचे, हसायचे, आत येऊन उशा तरी घेऊन जायचे. मग एका भर दुपारी एक पोस्टमन काचेला नाक लावून उभा राहिला, तो हलेचना.

"हा माणूस श्वास घेत नाहीये!" तो ओरडला.

"घेतोय की," शेजारच्या आजी म्हणाल्या.

"बघा ना नीट! छाती कुठे हलतेय?"

आजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि किंकाळी फोडली. "मेला गं बाई! मेलेलं माणूस ठेवलंय जाहिरातीला!"

गर्दी दुप्पट झाली. मालक बाहेर धावले. "अहो, झोपलाय तो! त्याला झोपायचाच पगार देतो मी!"

"मेलेल्या माणसाला पगार?"

"मेला नाहीये हो!"

तेवढ्यात चिरंजीवांनी रेडा डुरकल्यासारखा आवाज काढून श्वास घेतला. गर्दी दचकून मागे सरली. दुसऱ्या क्षणी छाती पुन्हा थांबली! मग कुणाचाच धीर राहिला नाही. पोस्टमननं रुग्णवाहिका बोलावली, माणसं आत घुसली, पाटी आडवी झाली, मालकांच्या डोक्यात उशांचा ढीग कोसळला आणि चिरंजीव स्ट्रेचरवर चढले. रुग्णवाहिकेत जाग आली तेव्हा समोर पांढरे कपडे पाहून ते घाईघाईनं म्हणाले, "आणि मानेलाही उत्तम आधार मिळतो, साहेब!"

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या मात्र नाहीत.

"रात्री तुमच्या खोलीत कोण असतं?"

"आता कुणी नाही. आधी बाबा असायचे. पण फार खोकायचे, म्हणून त्यांना ताईकडे..."

"फोन लावा त्यांना. आणि मलाही ऐकू येऊ दे."

फोन लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, मुलगा झोपला की त्याचा श्वास मध्येच थांबतो का हो?"

"थांबतो की!" बाबा म्हणाले. "घोरता घोरता एकदम बंद. उताणा असला की जास्तच."

"मग तुम्ही काय करता?"

"खोकतो."

चिरंजीव फोनकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला खोकला नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! घसा ठणठणीत आहे माझा. आधी हलवून पाहिलं, तर टक्क जागा होतो आणि चिडतो. सकाळी कामावर जायचं असतं त्याला. खोकलं की नुसता कुशीवर वळतो, गाडी पुन्हा सुरू! मी घोरायचो तेव्हा त्याची आई थंडगार पाय लावायची मला. मला आपलं खोकणं जमलं."

"बाबा, मला सांगितलं का नाहीत?" चिरंजीवांचा आवाज चिरकला.

"सांगितलं होतं की रे. तू म्हणालास, तुम्हालाच स्वप्न पडलं असेल."

म्हणाले होते. चिरंजीवांना ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. आणखीही आठवलं. बाबा दुपारी खुर्चीत डुलक्या घ्यायचे, तेव्हा हेच चिरंजीव त्यांना म्हणायचे, "मजा आहे बुवा तुमची!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, शरीर घाबरून अर्धवट जागं होतं. रात्रभर हाच खेळ, मग दिवसा थकवा येणारच. तरुणांनाही होतं हे, आणि लोक आळस म्हणून मोकळे होतात. एक रात्र यंत्रं लावून तपासणी करायची, आणि निदान पक्कं झालं की झोपताना नाकाला हवा पुरवणारं मशीन. "खोकल्यानं हा आजार जात नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्यावर कुणी एवढा पहारा दिला असेल असं वाटत नाही."

तपासणी झाली, निदान पक्कं झालं. मशीन मिळताच चिरंजीव ताईकडे गेले. बसमध्ये त्यांनी माफीचं भाषण पाठ केलं होतं. ताईनं दार उघडलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "हळू बोल, गाढवा! झोपलेत बाबा."

बाबा उठून आले, तेव्हा चिरंजीव बघतच राहिले. गाल भरले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. पाच वर्षं मागे गेलेले बाबा!

"बाबा, घरी चला."

"मशीन मिळालं ना तुला? लागते ना झोप?"

"लागते. पण तुम्ही चला."

बाबा जरा घुटमळले. मग लाजल्यासारखे म्हणाले, "राहू दे ना अजून थोडे दिवस. खरं सांगू? इथे मला फार छान झोप लागते रे."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चिरंजीवांना परवडला असता. पाठ केलेलं भाषण पोटातच राहिलं, आणि परतीच्या बसमध्ये त्यांना अजिबात पेंग आली नाही. खिडकीतून बाहेर बघत ते सबंध वाट जागे होते.

आता चिरंजीव रात्री तोंडावर हत्तीची सोंड लावून झोपतात आणि दिवसा टक्क जागे असतात. काचेमागे मालकांनी लाकडी पुतळा निजवला आहे. विक्री निम्म्यावर आली. "जागा असलेला तू काही कामाचा नाहीस!" मालक रोज म्हणतात, पण काढून टाकत नाहीत. मेलेला माणूस नोकरीवर ठेवल्याची चर्चा अजून निवळलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत चिरंजीव रोज बाबांना फोन करतात. परवा त्यांनी ठरवलं, आज माफी मागायचीच. इकडची तिकडची चौकशी झाली, नातवंडांचे प्रताप ऐकून झाले.

"बाबा..." चिरंजीव म्हणाले, आणि पुढचा शब्द काही येईना. एक क्षण गेला, दोन गेले. फोनवर चिडीचूप.

पलीकडून खणखणीत आवाज आला. "खॉक!"

"आहे, बाबा," चिरंजीव डोळे पुसत म्हणाले. "श्वास चालू आहे."