तोंडतपासणीवाले अण्णा

निगडीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढायचं, तर आधी तोंड उघडावं लागतं. पहिल्याच सीटवर अण्णा टॉर्च घेऊन बसलेले असतात. "आऽ कर. आता तीन बोटं घाल उभी. जात्यात? पास!" ज्याची दोनच जातात तो रिजेक्ट, म्हणजे तंबाखूनं तोंड आखडलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमतो, अण्णा हलत नाहीत.

लाइनवर नट नीट आवळलेत का, हे तपासणं अण्णांचं काम. त्यामुळे तोंडाचा कॅन्सरही त्यांनी नटबोल्टातच बसवलाय. "भावा, तोंडातल्या पेशी एकमेकींना बोल्टानं आवळलेल्या असत्यात. तंबाखूनं बोल्ट बनवायचा हुकूमच बंद पडतो. मग एखादी सुटती, खालची फरशी पोखरती आन् गेटपास न घेता मानेच्या गाठीत जाऊन बसती!" हे त्यांना हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. त्या बोल्टाचं इंग्रजी नाव अण्णा रोज नव्या तऱ्हेनं घेतात, त्यामुळे खरं कुठलं ते आम्हा कुणालाच ठाऊक नाही.

मला अण्णांचा भारी राग यायचा, कारण माझ्या गालात पुडी असायची. मी मागच्या दारानं चढायचो. एका सकाळी सापडलो. टॉर्च माझ्या गालावर थांबला आणि अण्णांची बडबडही थांबली. आत पांढरा चट्टा होता.

"उतर," ते म्हणाले. दोघांचा खाडा करून त्यांनी मला हॉस्पिटलात नेलं आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला द्यायला लावला.

रिपोर्ट आणायलाही तेच सोबत. त्यात बेसमेंट शाबूत असल्याचं लिहिलं होतं. मला वाटलं, चुकून कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगचा कागद दिला.

"येड्या, तीच फरशी!" अण्णा ओरडले. "फुटली न्हाई अजून!" डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. पसरलेलं नाही, चट्टा काढू, पुडी आजपासून बंद. मला अण्णांना कडकडून मिठी मारावीशी वाटली.

मी पेढे आणायला निघालो, तर अण्णा बाकावरून उठेनात.

"सुनंदा मिशरी लावायची," ते म्हणाले. सुनंदावहिनी म्हणजे त्यांची बायको. तोंडाच्या कॅन्सरनं त्या गेल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. "जेवताना म्हणायची, तोंड भाजतंय, तिखट सोसंना. मी म्हणायचो, मग मिरची कमी घाल की."

मी शेजारी बसलो.

"घातली न्हाई कमी," अण्णा म्हणाले. "मला झणझणीत लागतं म्हणून."