लेंग्याचा खिसा परत मिळण्याबाबत

विषय: संग्रहालयात मांडलेल्या भरतकामामागील लेंग्याचा खिसा परत मिळणेबाबत.
संदर्भ: माझी पत्नी अनुसया हिने स्वहस्ते भरलेले कापड.

उपरोक्त विषयी खुलासा असा. पुण्यातल्या एका संग्रहालयाने मुळशीतल्या बायकांना आपापली गोष्ट सुईदोऱ्याने सांगायला बोलावलं. अनुसयेने निवडली दहावीची. चाळिशीत, ताम्हिणीहून एसटीने पौडला जाऊन, ती मुलाबरोबर परीक्षेला बसली आणि त्याच्यापेक्षा चार गुण जास्त मिळवून पास झाली. (चिरंजीव प्रमोद यांना हा निकाल अद्याप अमान्य आहे.)

तिने घाट भरला, एसटी भरली, शाळा भरली आणि निकाल हातात धरलेल्या स्वतःलाही भरलं. मी तालुक्याच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली, पण इतकी सरळ ओळ माझ्या हातून एकदाही उतरली नाही.

उणीव एकच. त्यात मी नव्हतो.

"अगं, थांब्यावर रोज डबा घेऊन कोण यायचं?"

"तुमीच. पर पेपराला कोन बसलं हुतं?"

कापड न्यायला संग्रहालयाची गौतमी यायची होती, त्या सकाळी अनुसया गिरणीवर गेली. मी छोटासा निर्णय घेतला. कापड मांडीवर पसरलं आणि थांब्याजवळच्या मोकळ्या जागेत डब्यासह स्वतःला भरलं. दुहेरी दोऱ्याने. (केस जरा सढळ हाताने भरले.)

शेवटची गाठ मारतोय तोच गौतमी दारात, मागे पिठाचा डबा घेऊन अनुसया. मी कापड उचलून पुढे केलं. माझी मांडीही पुढे गेली.

"काका, सोडा ना."

"सुटत नाही."

"कळतंय हो मला. किती आठवणी असतील!" गौतमीचे डोळे भरून आले.

अनुसयेने कापडाचा कोपरा उचलून पाहिला. "आठवनी न्हाईत, लेंगा हाय."

"टाके उसवतो," मी म्हणालो.

"खबरदार! माझ्या कापडाला भोकं पडतील." तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि कात्री चालवली. लेंग्यावर.

गौतमीने कापडाची मागची बाजू पाहिली आणि हरखली. "काकू, गोधडीला लावतात तसं घरच्या माणसाचं जुनं कापड लावलंत!"

"जुनं कुटलं? सकाळपातूर धड हुतं."

आता ते काचेत आहे. लोक त्यापुढून लवकर हलत नाहीत. उद्घाटनाला एका बाईंनी विचारलं, "हा थांब्याचा खांब का?"

"खांब न्हाई, मालक हायेत माझं," अनुसया म्हणाली. "रोज डबा आनायचे."

मी छाती फुगवून उभा राहिलो.

जाताना संग्रहालयाची गाडी होती. परतीच्या एसटीत कंडक्टरने ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र मागितलं आणि ते कुठे आहे, हे लख्खकन आठवलं. खिशाचं तोंड मीच पक्कं शिवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी रीतसर अर्ज दिला. प्रदर्शन संपेपर्यंत काच उघडता येणार नाही, असं तोंडी कळलं. अनुसया दर रविवारी आपलं काम बघायला जाते, बायकांच्या अर्ध्या तिकिटात. शेजारच्या सीटवर मी, पूर्ण तिकिटात.

अर्ज प्रलंबित आहे.