ओला कापूस आणि नानांची म्हैस

आमच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर दिवसातून पाच-सहा वेळा म्हशीसारखा रेकतो. नव्या माणसाच्या हातून चहा सांडतो. आम्ही नुसतं म्हणतो, "ओला कापूस आला."

ही करामत आमच्या काटेवाल्या नानांची. अमळनेरजवळच्या या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाड्या मोजायचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलाय, शिक्षण बारावी नापास! वजन आणि ओलावा टाकला की प्रोग्राम ठरवतो. कापूस कोरडा असेल तर एसटी कंडक्टरची डबल बेल वाजते आणि गाडी थेट कोरड्या कापसाच्या गंजीकडे जाते. ओला असेल तर बाहेरच्या स्पीकरवर म्हैस. ती त्यांच्या घरचीच, मोबाइलवर रेकॉर्ड केलेली.

नानांचं सगळं आयुष्यच जर-तरवर चालतं. लग्नाच्या मांडवातसुद्धा म्हणतात, "जर चहा शे, तर बठसू. नही ते निंघसू." मी गेटपास लिहितो, माझं डोकं गेटपासपुरतंच. त्यांच्या पडद्यावरच्या त्या ओळी पाहून मी खरोखर थक्क व्हायचो. म्हशीची मात्र लाज वाटायची.

एकदा बाहेरचे व्यापारी येणार होते आणि नाना भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. मी शहाणपणा केला. म्हशीची फाइल काढली आणि त्याच नावानं एक नाजूक 'टिंग' ठेवून दिलं.

दुपारी ओली गाडी आली. टिंग वाजलं. ओली गाडी अडवून वाळवणीकडे वळवायची, हे गंजीपाशी बसणाऱ्या हसनचाचांचं काम. चाचा हलले नाहीत. बेल नाही, म्हैस नाही, कुणी अडवलंही नाही, म्हणून ड्रायव्हरनं गाडी पुढे घेतली आणि ओला कापूस कोरड्या गंजीवर ओतला.

शेठ सर्वांसमोर ओरडले, "चाचा, बहिरे झालात का? तसं असेल तर घरी बसा!" चाचा खाली मान घालून उभे. मी गेटपासच्या वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले, ऐकलं, आणि सरळ शेठकडे गेले. "प्रोग्राम चुकना. चूक मनी शे." चूक स्वतःवर घेऊन निमूटपणे बोलणी खाल्ली. बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं कबूल केलं.

नाना रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "भाऊ, चाचाले बारीक आवाज ऐकू येत नही. जिनना आवाजनी त्यासना कान खाई टाकात. आठ दिन मी बठ्ठा आवाज लावी पाह्यात. घंटी, शिट्टी, भोंगा. म्हैसले त्यासनी मान वळनी."

आठ दिवस हा माणूस खिडकीतून एका म्हाताऱ्याची मान बघत बसला होता! आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणून हसत होतो. मला स्वतःची शरम वाटली.

मी शेठना जाऊन सांगितलं की आवाज मी बदलला, नानांचा दोष नाही. शेठनी मलाही झाडलं. चाचांच्या कानांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी म्हैस परत बसवली. पहिलीच गाडी ओली निघाली. म्हैस रेकली. मी पडद्याकडे पाहत होतो, नाना खिडकीतून बाहेर. तिकडे चाचा उठले, गाडीसमोर हात आडवा धरला.

"वळनी," नाना म्हणाले, आणि पुढची गाडी बोलावली.